गाड्यांशिवाय स्कॉट फौज खायची काय?

प्रश्न: १३२७ च्या उत्तर इंग्लंडमधल्या वेअरडेल स्वारीत स्कॉट घोडेस्वारांकडे सामानाच्या गाड्याच नव्हत्या. मग रसद कशी भागायची?

प्रतिसाद १: खोगिराखाली लोखंडी तवा, मागे ओटच्या पिठाची पिशवी. लुटलेली गुरं तिथंच कापून मांस त्यांच्याच कातड्यात उकडायचं. नुसत्या मांसानं पोट बिघडलं की पीठ पाण्यात कालवून तव्यावर पातळ भाकरी.

प्रतिसाद २: इंग्रजांनीही पाठलागासाठी गाड्या मागे टाकल्या, पण तवा-पीठ कुठलं आणणार? टाइनकाठी पावसात अडकले, नदी फुगली, उपासमार झाली. नक्कल अर्धीच केली की असंच होतं!

प्रतिसाद ३: त्यात स्टॅनहोप पार्कला स्कॉट सरदार जेम्स डग्लस रात्री इंग्रजांच्या छावणीत घुसला, तंबूंचे दोर कापले. इंग्लंडचा चौदा वर्षांचा राजा तिसरा एडवर्ड थोडक्यात वाचला. काही दिवसांनी स्कॉट रातोरात पसार झाले.