मदत हवी आहे: नॉर्मल डिलिव्हरीबद्दल डॉक्टरांशी कसं बोलू?

ताईंनो, मला 34वा आठवडा लागलाय. पहिलटकरीण आहे, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात माहेरी आलेय. बाळाचं डोकं खाली आहे, बीपी ठीक, हिमोग्लोबिन 10.4. डॉक्टर म्हणतात, नॉर्मल होईल. पण पुढचं काही विचारलं की "ते आम्ही बघू" एवढंच. मागच्या मंगळवारी चार प्रश्न लिहून नेले होते. बाहेर रांग एवढी की कागद मुठीतच घामानं भिजला आणि मी फाइल घेऊन तशीच परत आले.

माझ्या मोठ्या बहिणीला कळा सुरू झाल्यापासून टेबलावर उताणं झोपवून ठेवलं होतं. आईला आत येऊ दिलं नाही. टाके पडले हे तिला नंतर कळलं, अजून सांगताना तिचे डोळे भरतात.

मला कळांमध्ये चालायचं आहे, आई जवळ हवी, बाळ बाहेर येताना खाली देतात तो छेद गरज असेल तरच, आणि बाळ ठीक असेल तर नाळ लगेच न कापता मिनिटभर थांबावं. सिझरची खरंच वेळ आली तर मी अडून बसणार नाही.

आशाताई म्हणतात, सरकारी दवाखान्यातही सोबतीला घरची एक बाई ठेवता येते, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरसुद्धा मोफत असतं.

डॉक्टरांना राग न येता हे कसं मांडू? फाइलमध्ये लिहून घ्या म्हटलं तर चालेल का? की आधी सिस्टरशी बोलू? यवतमाळ, वाशीमकडच्या कुणी असं बोलून पाहिलंय का? येत्या मंगळवारी परत तपासणी आहे, त्याआधी सांगा.