मदत हवी आहे: हेम्पच्या बियांचं दूध मुलाला चालेल का? आणि चहात का फाटतं?

नमस्कार. आम्ही सांगलीचे, विश्रामबागेत राहतो. मुलगा सात वर्षांचा आहे आणि त्याला दुधातल्या प्रथिनांचीच अ‍ॅलर्जी आहे. त्यामुळे लॅक्टोज-फ्री दुधाचाही उपयोग नाही. दही, ताक, पेढा सगळं बंद. सोयाच्या दुधानेही अंगावर गांधी उठतात, बदाम-काजूला डॉक्टरांनी सध्या नको म्हटलंय. म्हणून हेम्पच्या सोललेल्या बिया मागवल्या. वाटीभर बिया, चार वाट्या पाणी, मिक्सरमधून काढून फडक्यातून गाळलं. भिजवावं लागत नाही, चोथाही फारसा उरत नाही. दूध छान पांढरं होतं. किंचित गवतासारखा वास येतो, खजूर घातला की लपतो.

मुलाला अजून दिलेलं नाही. सासूबाई म्हणतात, "भांगेचं बी ते, लेकराला कशाला?" त्यांची काळजी रास्त आहे. यात नशेचा अंश असतो का? कायद्याने चालतं का? कॅल्शियम पुरेल का? माझ्या चहात घातलं तर लगेच फाटलं, त्याला काय करावं?

प्रतिसाद:

ताई, नशा आणणारं टीएचसी फुलोऱ्यात आणि पानांत असतं, बीच्या आत तयार होत नाही. टरफलाला बाहेरून अंश चिकटलेला असू शकतो, सोललेल्या बियांत तो नगण्य. २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, या बिया, तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं. बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंतच टीएचसी चालतं. पाकिटावर परवाना क्रमांक आहे ना, तेवढं बघा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतही नुसत्या बिया येत नाहीत. कुमाऊँ-गढवालात तर याची चटणी घरोघरी होते, हे सासूबाईंना जरूर सांगा.

कॅल्शियमची मात्र खरी अडचण आहे. गाईच्या १०० मिलि दुधात साधारण १२० मिलिग्रॅम असतं. घरी केलेलं हे दूध त्याच्या पासंगालाही पुरत नाही. नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी रोजच्या ताटात येऊ द्या. बी१२ आणि डी जीवनसत्त्वांबद्दल डॉक्टरांशी बोला. या बियांचीही अ‍ॅलर्जी क्वचित होते, म्हणून पहिला घोटसुद्धा त्यांना विचारूनच.

चहा उकळत असताना घालू नका, उष्णतेने प्रथिनं गोठतात. कोरा चहा गाळून जरा निवू द्या, दूध कोमट करा आणि त्यात चहा हळूहळू ओता. फ्रिजमध्ये थर वेगळे दिसले तर ते फाटणं नव्हे, बाटली हलवली की एकजीव होतं. दोन-तीन दिवसांत संपवा.