खिचडी म्हणा हवं तर, पण शिजलेली आहे

अमेरिकन स्टडीज, म्हणजे अमेरिकेचा समाज आणि संस्कृती अभ्यासणारा विषय, ही इतिहास आणि साहित्याची खिचडी, दोन्हीत कच्ची, असा एक आक्षेप असतो. अर्धं मान्य. पण या विषयातला अमेरिकन अभ्यासक हेन्री नॅश स्मिथ याचं १९५० चं 'व्हर्जिन लँड' (म्हणजे 'कुमारी जमीन') हे पुस्तक बघा. या गृहस्थाने संसदेतली भाषणं, जमिनीचे कायदे आणि दहा सेंटला मिळणाऱ्या काउबॉयछाप कादंबऱ्या एकाच टेबलावर मांडल्या. त्या कादंबऱ्यांना तोवर किती प्राध्यापक हात लावत होते?

त्यातलं एक प्रकरण तर भन्नाट आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या माळावर 'नांगरामागून पाऊस येतो' असं लोक खरंच मानत होते, त्यात शिकलेसवरलेलेही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने तिथे वस्ती करणाऱ्याला १६० एकर जमीन मिळायची. ओलाव्याच्या मुलखात तेवढी पुष्कळ, पण या कोरड्या माळावर तेवढ्यात कुटुंबाचं पोट भरेना. ही चूक नुसत्या कायद्याच्या इतिहासात कळत नाही, त्यामागचं 'बागेचं' स्वप्न, म्हणजे पश्चिम ही सुपीक बाग होईल ही कल्पना, वाचावं लागतं.

उणीव मोठी आहेच: ती जमीन 'कुमारी' नव्हती, तिथे आदिवासी राहत होते, आणि पुस्तकात ते जवळजवळ दिसत नाहीत. पण हा आक्षेपही पुढे याच विषयातल्या लोकांनी घेतला.

आणि आपल्याकडे हा विषय कुणाला ठाऊक नव्हता असंही नाही. हैदराबादला १९६४ पासून अमेरिकन स्टडीजचं संशोधन केंद्र होतं.