मदत हवी आहे: ‘एक पाऊल पुढे’ खेळाला पर्याय सुचवा

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात एका संध्याकाळचं सत्र माझ्याकडे असतं. विषय: जन्मानेच पदरात पडलेल्या सवलती.

गेल्या वर्षी मी नेहमीचा खेळ घेतला. सगळे एका रेषेत. घरी अभ्यासाला वेगळी खोली होती? एक पाऊल पुढे. आडनाव ऐकून कुणी जात हुडकली? एक पाऊल मागे. वीसेक प्रश्नांनंतर पुढची चार-पाच पोरं मागे वळून बघायला लागली, तर पार मागे हापशाजवळ एक मुलगी एकटीच उभी, पायाच्या अंगठ्याने माती उकरत. पुढच्यांना धडा मिळाला, पण तिच्या जिवावर. रात्री ती जेवायलाही आली नाही. चूक माझीच.

आपापल्या जागेवरूनच कागदाचे बोळे पुढे ठेवलेल्या बादलीत टाकायचा खेळही करून पाहिला. मागच्या बाकावरचे ‘हे बरोबर नाही’ म्हणून ओरडतात, पण सगळं हसण्यावारी जातं आणि जातीचा विषय निघतच नाही. निघालाच, तर गाडी थेट आरक्षणावर घसरते!

काल्पनिक माणसांच्या चिठ्ठ्या वाटून त्यांच्या भूमिकेतून पावलं टाकायला सांगावं का? पण ‘ऊसतोड कामगाराची मुलगी’ ही चिठ्ठी नेमकी तशाच घरातल्या मुलीच्या हाती पडली तर?

यंदा शिबिर महाडजवळ आहे. १९२७च्या सत्याग्रहाच्या निमित्ताने चवदार तळ्याकाठीच पाण्यावरून बोलायला सुरुवात करावी, असं मनात आहे. असं कुणी केलंय का? पहिला प्रश्न काय विचारलात?