इंडियानापोलिसची ती रात्र

राजकारण्यांच्या फसलेल्या आणि शहाण्या बोलांविषयी बोलायचं, तर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचं १९७६ च्या निवडणूक वादफेरीतलं 'पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही' हे विधान फसलेल्यांत मोडतं; ते वर्चस्व तर उघड होतं. त्यात एक भर घालतो. पत्रकाराने ते सावरायची संधी तिथल्या तिथे दिली होती. फोर्ड मात्र पोलंडचं नाव घेऊन अडून बसले. मला खरी चूक त्या हट्टात दिसते.

शहाण्या बोलांत रॉबर्ट केनेडी हवेतच; खून झालेले अध्यक्ष जॉन केनेडी यांचे ते भाऊ, आणि १९६८ मध्ये स्वतः अध्यक्षपदाच्या शर्यतीत होते. ४ एप्रिल १९६८, इंडियानापोलिस. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत प्रचारसभा, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्याचं गर्दीतल्या अनेकांना ठाऊकच नाही. ट्रकवर उभं राहून केनेडींनी आधी लोकांना हातातले फलक खाली घ्यायला सांगितलं, मग बातमी दिली. किंकाळ्या उठल्या. 'माझ्याही घरातला माणूस मारला गेला, मारणारा गोराच होता,' असं ते म्हणाले. भावाच्या खुनाबद्दल जाहीरपणे ते जवळजवळ बोलतच नसत. त्या रात्री आणि पुढे शंभरावर शहरांत दंगली झाल्या, इंडियानापोलिस शांत राहिलं. त्याला इतरही कारणं असतील, पण त्या पाच-सहा मिनिटांचा वाटा मी मोठा मानतो. दोनच महिन्यांनी केनेडींनाही गोळ्या घातल्या. त्या भाषणाची ध्वनिफीत जरूर ऐका, माझा घसा दरवेळी दाटून येतो.