इन, एलहाउस, पब: मराठीत काय लिहावं?

प्रश्न: लिंकनशायरमधल्या स्टॅमफर्ड या बाजाराच्या गावी पूर्वी कोणकोणते पब होते, यावर मराठीत लेख लिहितेय. इन, टॅव्हर्न, एलहाउस, पब, सगळ्यांना सरसकट 'दारूचा गुत्ता' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद: अजिबात नको. स्टॅमफर्डचं 'जॉर्ज' हे लंडनहून यॉर्ककडे जाणाऱ्या ग्रेट नॉर्थ रोडवरचं इन. मुक्कामाला खोल्या, घोड्यांना तबेले, जेवण आणि दारू. घोडागाडीची वाट पाहायला लंडनकडच्या उतारूंना एक दालन, यॉर्ककडच्यांना दुसरं. पाटी तर आख्ख्या रस्त्यावर आडव्या टाकलेल्या तुळईवर आहे, आणि ती वाटमाऱ्यांना फाशीची आठवण द्यायला, असं सांगतात. (गिऱ्हाइकांना काय वाटत असेल कोण जाणे!) इनला 'सराई' म्हणा. कायदाही तसाच होता: जागा असेल आणि पैसे मिळणार असतील तर वाटसरूला परत पाठवायची इनवाल्याला मुभा नव्हती. एलहाउसवाल्याला होती.

प्रतिसाद: सराईत बिअर म्हटलं की वाचक अडखळणार. 'इन'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'मुक्कामाची सोय असलेलं' एवढं जोडा. एलहाउस म्हणजे साधं पिण्याचं ठिकाण, पुष्कळदा राहत्या घरातलंच. १५५२ पासून त्याला न्यायाधिकाऱ्यांचा परवाना लागे. १८३० च्या कायद्याने मात्र कर भरणाऱ्या घरवाल्याला वर्षाला दोन गिनी (जुनं इंग्रजी चलन) भरून बिअर विकता येऊ लागली, न्यायाधिकाऱ्यांना विचारायची गरज नाही. लोकांनी जिन सोडून बिअर प्यावी हाही एक हेतू. मग गावोगाव 'बिअरहाउस' निघाली. ती एलहाउसपासून वेगळी दाखवा, नाहीतर एकोणिसाव्या शतकाचा सगळा गोंधळ होईल.

प्रतिसाद: टॅव्हर्नबद्दल थोडं. गोव्यातलं 'तावेर्न' पोर्तुगीजांकडून आलं, मूळ लॅटिन एकच. पण इंग्लंडमधलं जुनं टॅव्हर्न वाइनचं, म्हणजे खिसा गरम असणाऱ्यांचं. फेणीचं दुकान डोळ्यांसमोर उभं राहू देऊ नका.

प्रश्नकर्ती: आभार. अवाढव्य देहासाठी प्रसिद्ध असलेला डॅनियल लॅम्बर्ट १८०९ मध्ये स्टॅमफर्डच्याच 'वॅगन अँड हॉर्सेस'मध्ये वारला. वजन सुमारे ३३५ किलो, शवपेटी बाहेर काढायला खिडकी आणि भिंत पाडावी लागली. तिथे 'इन'च लिहिते. पण 'पब' म्हटलं की आपल्याकडे डीजे आणि दारावरचे बाउन्सर आठवतात, त्याचं काय?

प्रतिसाद: 'पब'च ठेवा, संदर्भाने कळतं. खरी फसगत 'लँडलॉर्ड'ची. पब चालवणाऱ्याला तिकडे लँडलॉर्ड म्हणतात, 'घरमालक' लिहू नका. इमारत बऱ्याचदा बिअर कारखान्याची, हा भाडेकरू, आणि बिअर त्याच कारखान्याची घ्यायची असा करार. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ते पाहता तुमचा शब्द बसलाच तर या व्यवहाराच्या आसपास बसेल. माणसाला सरळ 'पबवाला' म्हणा.