निवृत्तीनंतर आतून वाढता येते का?

प्रश्न: निवृत्तीला दोन वर्षे झाली. पहाटे पाचला जाग येते, चष्मा पुसून वही उघडतो, पण पान कोरेच राहते. या वयात माणूस आतून वाढतो का?

उत्तर १: वाढतो, असे मला मनापासून वाटते. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडले की, उतारवयात जुन्या आठवणी दाटून येणे ही निव्वळ बुद्धी मंदावल्याची खूण नसून, अपुरे राहिलेले संघर्ष पुन्हा न्याहाळून त्यांचा मेळ घालण्याची स्वाभाविक प्रक्रिया असते. एखादा जुना सल लिहून पाहावा.

उत्तर २: मात्र जपून; यातून नैराश्यही येऊ शकते, हे बटलर यांनीच नोंदवले होते. वडिलांशी धरलेला अबोला लिहिताना माझी झोप उडाली. बहिणीजवळ बोलल्यावरच पुढचे पान लिहिता आले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आज एकच ओळ लिहिली, धाकट्या भावाला उद्देशून.